पाषाणांची साक्ष

पातूरजवळच्या टेकडीत प्राचीन लेणी आहेत. ज्या काळ्या कातळात ती कोरली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झाला. माणसाला हा काळ केवढा वाटतो! पण ४५४ कोटी वर्षांच्या पृथ्वीला तो कालपरवाचाच.

वऱ्हाडातून पूर्वेकडे जावे, तर नागपूरपुढे हा कातळ मागे पडतो आणि त्याहून फार जुने खडक दिसू लागतात. गोंदियाच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथील ग्रॅनाइटात गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्या शिरांत तांबे आहे.

ग्रॅनाइट आणि काळा कातळ, दोघेही अग्नीचीच लेकरे. परंतु पातूरचा कातळ उघड्यावर लवकर थिजला, म्हणून त्याचे कण बारीक. ग्रॅनाइट भूगर्भात सावकाश निवत गेला, म्हणून त्याचे स्फटिक ठसठशीत. असा शिलारस निवताना त्यातून उष्ण पाणी सुटते. ते धातू घेऊन भेगांत शिरते आणि थंडावताच ते धन तेथेच ठेवते.

मग मलाजखंडचे तांबे या ग्रॅनाइटाबरोबर आले, की कोट्यवधी वर्षांनी मागाहून? भेगा काय, केव्हाही भरू शकतात! याचा निवाडा करण्यास साक्षीदार हवेत, आणि ते दगडातच दडलेले असतात.

पहिला साक्षीदार ग्रॅनाइटातील झिरकॉन. रेतीच्या कणाएवढा हा स्फटिक जन्मतः युरेनियम पोटात घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे त्या युरेनियमचेच शिसे होऊ लागते. निम्मे युरेनियम पालटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून आत साठलेले शिसे मोजले, की स्फटिकाचे वय कळते. दुसरा साक्षीदार तांब्याच्या सोबतीने आढळणारे मॉलिब्डेनाइट. त्यातील ऱ्हेनियमचे ऑस्मियम होत असते.

शास्त्रज्ञांनी दोघांची साक्ष वेगवेगळी घेतली. दोघांनीही एकच काळ सांगितला : सुमारे २५० कोटी वर्षे! तांबे आणि ग्रॅनाइट एकाच काळचे ठरले. आता तांबे शोधणाऱ्याने रानोमाळ भटकण्याचे कारण नाही. त्या वयाचे ग्रॅनाइट त्याला वाट दाखवतात.

पातूरच्या कातळात अशी खाण नाही. पण तोच झिजून वऱ्हाडची काळी माती झाली, आणि तिच्यात कापूस पिकतो. प्रत्येक पाषाणाचे देणे निराळे. ते ओळखण्यास त्याचा जन्म जाणावा लागतो.