मेटवन : कोळशाच्या डोंगरातील एक गाव

अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, टग फोर्क नदीच्या काठी मेटवन नावाचे चिमुकले गाव आहे. नदीच्या पलीकडे केंटकी राज्य लागते. दोन्ही बाजूंना दाट झाडीचे उभे डोंगर, मध्ये नदी, रेल्वेमार्ग आणि विटांच्या जुन्या दुकानांची एक ओळ, एवढाच या गावाचा विस्तार. १९७७ च्या महापुरानंतर बांधलेल्या संरक्षक भिंतीवर गावाचा इतिहास उठावचित्रांतून कोरला आहे. प्रवाशाने मात्र दुकानांमागील विटांची जुनी भिंत अवश्य पाहावी. तिच्यावर १९२० सालच्या गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात.

या भागातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत दोन गोष्टी हमखास दृष्टीस पडतात. एक म्हणजे खिशात ठेवण्याचे घडीचे चाकू आणि दुसरी, पितळेचे छोटे बिल्ले. चाकू हा खाणकामगाराचा नित्याचा सोबती. दोर तोडणे, लाकूड तासणे, जेवणाच्या डब्यातील फळ कापणे, अशा शंभर कामांना तो उपयोगी पडे. पुढे त्याच चाकूला स्मृतिचिन्हाचे रूप आले. पात्यावर कुदळ-फावड्याचे चित्र, कामगार संघटनेचे नाव किंवा एखाद्या लढ्याचे वर्ष कोरलेले असे चाकू घरोघरी जपले जातात आणि वडिलांकडून मुलाकडे जातात. चाकू फुकट दिला तर स्नेह तुटतो, अशी तेथील लोकसमजूत आहे. म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एखादे नाणे ठेवतो. भेट असूनही व्यवहार चोख राहावा, हा त्यातील भाव व्यापारी मनाला सहज उमगावा.

पितळी बिल्ल्यांची कथा मात्र याच्या अगदी उलट आहे. पगाराच्या दिवसापूर्वी कामगाराला उचल हवी असेल, तर रोख रकमेऐवजी कंपनी आपल्या नावाचे हे बिल्ले देई. ते चालत केवळ कंपनीच्याच दुकानात. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, वैद्यही कंपनीनेच नेमलेला. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची वाट नाही आणि भाव ठरविणारा तोच त्याचा धनी! अशा ठिकाणी खातेवही कधी मिटत नसे.

त्याहून खोल जखम वजनकाट्याची होती. मजुरी काढलेल्या कोळशाच्या टनावर मिळे. गाडीत भरलेला माल जास्त आणि नोंद कमी, दगड-माती आहे म्हणून मनमानी कपात, अशा तक्रारी नित्याच्या होत्या. म्हणूनच १९१२ साली पेंट क्रीक व केबिन क्रीक खोऱ्यांत जो संप झाला, त्याच्या मागण्यांत काट्याशेजारी कामगारांचा स्वतःचा माणूस उभा असावा, ही एक प्रमुख मागणी होती. कोणत्याही बाजारपेठेत ही मागणी न्याय्यच ठरली असती.

१९२० मध्ये मेटवन परिसरातील कामगार ‘युनायटेड माइन वर्कर्स’ संघटनेत सामील होऊ लागले. संघटनेत जाणार नाही, असा करार कंपन्या कामगारांकडून लिहून घेत. तो मोडणाऱ्याची नोकरी जाई आणि घरही जाई. १९ मे १९२० रोजी बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसांनी अनेक कुटुंबांना सामानासह घराबाहेर काढले. गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड आणि महापौर केबल टेस्टरमन कामगारांच्या बाजूने उभे राहिले. संध्याकाळी बाचाबाची झाली आणि गोळीबार सुरू झाला. त्यात संस्थेची सात माणसे, दोन खाणकामगार आणि महापौर असे दहा जण मृत्युमुखी पडले. पहिली गोळी कोणाची, यावर एकमत झालेले नाही.

१ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्च येथील न्यायालयाच्या पायऱ्यांवर हॅटफील्ड व त्याचा सहकारी एड चेंबर्स यांची हत्या झाली. संतापलेले सुमारे दहा हजार कामगार गळ्यात लाल रुमाल बांधून लोगन जिल्ह्याकडे निघाले. गोरे, काळे आणि नुकतेच इटली-हंगेरीहून आलेले, सारे एकाच रांगेत होते. ब्लेअर डोंगरावर शेरीफ डॉन चॅफिनच्या सशस्त्र दलाशी त्यांची अनेक दिवस झुंज चालली. कामगारांवर विमानांतून बॉम्बही टाकण्यात आले. अखेर राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी केंद्रीय सैन्य पाठविले, तेव्हा कामगारांनी शस्त्रे ठेवली.

त्या शस्त्रांनी काय साधले? तत्काळ तर पराभवच पदरी पडला. शेकडोंवर खटले भरले गेले; नेता बिल ब्लिझर्ड याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला आणि १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला. संघटना मात्र खिळखिळी झाली. संघटित होण्याचा हक्क मिळाला तो १९३३ च्या राष्ट्रीय कायद्याने, आणि त्यानंतर याच खोऱ्यांतील कामगार मोठ्या संख्येने संघटनेत आले. बंदुकीने न मिळालेले कायद्याने मिळाले; पण मधल्या काळात किती घरे उद्ध्वस्त झाली, याचा हिशेब कोण मांडणार?

मेटवनमध्ये २०१५ पासून या लढ्यांचे संग्रहालय आहे. ते सावकाश पाहावे. व्यापारी कुटुंबातील तरुणांना तर येथे मोठा धडा आहे. काटा खरा असेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाण्यास मोकळे असेल, तरच पेढीवरील विश्वास टिकतो. ज्या बाजारात ही दोन्ही बंधने सुटतात, तेथील नफा फार काळ शांतपणे उपभोगता येत नाही. आज ते पितळी बिल्ले केवळ संग्राहकांच्या कामाचे उरले आहेत. कामगारांचे चाकू मात्र अजूनही नातवंडांच्या खिशात आहेत.