खाडीपलीकडचे खाडे

भिशीला एखादी आली नाही तर तिचे पैसे कुणाबरोबर तरी येतात. हळदीकुंकवाला आली नाही तर वाण घरी पोचवता येतं. पण आमचा शनिवारचा डाव असा आहे की, एक बाई आली नाही तर गोष्टीतलं एक माणूसच नाहीसं होतं. बरं, ते माणूस मागच्या शनिवारी हातात मशाल घेऊन राक्षसाच्या दारात उभं होतं! आता त्याचं करायचं काय?

डाव कसला, ते आधी सांगते. टेबलाभोवती पाचसहा जणींनी बसायचं. एकीनं गोष्ट सांगायची (आमच्यात ते काम माझ्याकडे) आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. कुणी वैदूबाई, कुणी कुलपं उघडणारी चोरटी, कुणी तलवारवाली. "समोर बंद दार आहे, आतून खुडबूड ऐकू येतेय, काय करता?" असं मी विचारायचं, त्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा सांगतो. सोंगट्या नसल्या तर चिंचोके चालतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं हा खेळ प्रथम छापला. आमच्याकडे तो मुलानं आणला. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा पुस्तकं आणि फासे माळ्यावर जायच्याऐवजी माझ्या कपाटात आले. ह्यांना अजून वाटतं, आम्ही रमी खेळतो.

आता आमचं मनोरी म्हणजे मुंबईत असून नसल्यासारखं. मालाडहून यायचं तर मार्वेच्या धक्क्यावरून बोटीनं खाडी ओलांडायची, नाहीतर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा. माझ्या दोन मैत्रिणी मालाडच्या. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि बोट बंद राहिली की त्या दोघी गैरहजर. शेजारच्या कोळीवाड्यातल्या काकींचं नेमकं उलट. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्या एक शनिवार चुकवत नाहीत. पण नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, की काकी दिसेनाशा होतात. मग थंडीत वाळवणं. "बोंबील माझी वाट बघत नाय," म्हणतात. त्यात परीक्षा, पाहुणे, गणपती, आजारपणं धरा. सगळ्याजणी हजर असलेला शनिवार वर्षातून किती वेळा येत असेल, तुम्हीच ताडा.

सुरुवातीला आमच्यात एकीचा निरोप आला की दुसरी लगेच म्हणायची, "मग राहू दे ना आज!" मला हे मुळीच पटत नसे. आपल्या बायकांचा वेळ म्हणजे सगळ्यांचं करून उरलेला वेळ, असा घरादाराचा समज असतो. एकदा राहू दे म्हटलं की पुढच्या शनिवारी त्याच वेळेला कुणाच्या तरी दाढेची अपॉइंटमेंट लागते. म्हणून मी ठरवलं, तिघी आल्या की डाव होणार. तीनला सुरू, साडेपाचला बंद. घरच्यांनाही हळूहळू कळतं की शनिवारी तीन ते साडेपाच या बाईला चहा मागायचा नाही.

पण तिघींवर डाव चालवायचा तर गोष्टही तशी रचावी लागते. दर बैठकीच्या शेवटी सगळी पात्रं आपल्या गावात परत आलीच पाहिजेत, ही आमची दुसरी अट. ही युक्ती माझी नव्हे बरं का. बेन रॉबिन्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी दहाबारा भिडूंचा असा डाव चालवला आणि २००७ साली त्याबद्दल लिहिलं. ठरलेला वार नाही, ठरलेली मंडळी नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी निघायचं, रानात भटकायचं आणि डाव संपायच्या आत गावात परत यायचं. आमच्या मालाडवाल्यांना तर बोट गाठायची घाई असतेच. तेव्हा सव्वापाच झाले की मी नुसतं घड्याळाकडे बघते, आणि खजिना दिसत असला तरी सगळ्याजणी पाय उचलतात. पुढच्या खेपेला कोण आली, कोण नाही, यानं काही अडत नाही. जी आली नाही, ती गावात होती.

मी कुडाळकडची. आमच्याकडे दशावताराच्या नाटकांतले संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरवायचं, भूमिका वाटायच्या आणि रंगमंचावर बोलता बोलता नाटक उभं करायचं. लहानपणापासून हे पाहिलं असल्यानं, ऐन वेळी गोष्ट वळवायची मला धास्ती वाटत नाही.

राहिला प्रश्न तिच्या पात्राचा. ते दुसरीनं चालवावं, असं पुष्कळजण सुचवतात. मी नको म्हणत होते, पण एकदा बहुमत झालं. मालाडच्या वहिनींच्या सासूबाईंना पक्षाघात झाला होता आणि त्या दोन शनिवार आल्या नव्हत्या. त्यांची वैदूबाई आमच्यातल्या एकीनं चालवली, आणि फासा असा काही पडला की वैदूबाईची औषधांची पेटी नदीत गेली. तिसऱ्या शनिवारी वहिनी आल्या. त्यांना हे सांगितलं तर हसतील असं सगळ्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "तिकडे मी सासूबाईंचं अंथरूण बदलत होते, आणि इकडे तुम्हाला माझी एक पेटी सांभाळता आली नाही?" टेबलावर सगळ्या गप्प.

तेव्हापासून आमच्यात गैरहजर बाईचं पात्र म्हणजे कच्चं लिंबू. लंगडी खेळताना धाकट्या भावाला घ्यायचो, तसं. ते मरत नाही, हरवत नाही, त्याची चीजवस्तू कुणी वापरत नाही. खजिना मिळाला तर त्याचा अर्धा वाटा बाजूला ठेवायचा. पूर्ण का नाही, यावर काकी अजून भांडतात. चार महिने बोंबील वाळवणाऱ्या बाईनं ते भांडण करावं, हे मला रास्तच वाटतं.

एक वहीही ठेवते. दुधाच्या खाड्यांसारखी. कोण आली, गोष्टीत किती दिवस गेले, कुणाकडे काय आहे. गायगॅक्सनं १९७९ च्या आपल्या पुस्तकात गोष्टीतल्या दिवसांचा हिशेब काटेकोर ठेवा, असं बजावलं आहे. वर्तमानपत्रांची रद्दी आणि गॅसचं सिलिंडर सांभाळणाऱ्या बाईला ते काय नवीन? गुरुवारी रात्री मोबाइलवर विचारते, कोण येणार? शुक्रवारी त्याप्रमाणे गोष्ट जुळवते. न आलेलीला रविवारी चार ओळींत झालेलं कळवते, ओरडा न करता.

वहिनींना मध्ये पाच महिने येता आलं नाही. पुढे दुसरी कुणी घेऊ या का, असा विषय निघाला. नवीन बाई घेतली, पण वहिनींची खुर्ची वेगळी ठेवली, आणि वहीत दर आठवड्याला त्यांच्या वैदूबाईची एक ओळ लिहीत गेले. पाला गोळा केला. छपराची गळती काढली. पेटी नवीन करायला टाकली. रविवारच्या निरोपात ती ओळही जायची. कधी उत्तर यायचं, कधी नाही.

सासूबाई गेल्या. नंतर महिनाभरानं एका शनिवारी वहिनी बोटीतून उतरून चालत आल्या. मी वही पुढे केली, त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मग डाव मांडला. त्यांची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "वैदूबाई काय करते?"

"ताई, ती आज काहीच करत नाही," वहिनी म्हणाल्या. "ती ओट्यावर नुसती बसते. चालेल?"

चालेल म्हटलं. बाकीच्या चौघी भुयारात गेल्या, मार खाऊन परत आल्या, फाशावर चरफडल्या. वैदूबाई ओट्यावरच होती. सव्वापाचला वहिनींनी पर्स उचलली आणि चपला घालता घालता विचारलं, "पेटी तयार झाली असेल ना पुढच्या शनिवारपर्यंत?"