धनुष्कोडीचे रूळ

भग्नावशेष पाहिले, की निसर्गाच्या कोपावर दोन वाक्ये बोलून आपण मोकळे होतो. रामेश्वर बेटावर एक सबंध दिवस निवांत भटकताना आम्हां दोघांना तेवढे पुरेना.

मंडपमहून बेटाकडे नेणाऱ्या रस्त्याच्या पुलावरून शेजारचा रेल्वेपूल दिसतो. ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झालेला हा पूल. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. त्याचा पूर्वज १९१४ चा. त्याच वर्षी धनुष्कोडी ते तलैमन्नार आगबोट सुरू झाली आणि मद्रासला काढलेले तिकीट कोलंबोपर्यंत चालू लागले. सिलोनच्या चहामळ्यांत राबायला जाणारे तमिळ मजूर याच वाटेने गेले. बोटीवर चढण्यापूर्वी रोगाच्या भयाने त्यांना मंडपमच्या छावणीत अडकवून ठेवीत.

दुपारी आम्ही धनुष्कोडीला पोहोचलो. अरुंद भूपट्टी, दोहों बाजूंना समुद्र, स्थानकाच्या उरलेल्या भिंती, छप्पर हरवलेले चर्च. शंखशिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या एका आजींना आम्ही खुणांनी विचारले, रूळ कुठे होते? त्यांनी पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवले आणि पुन्हा माळ ओवू लागल्या.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी चक्रीवादळातल्या लाटांनी गिळली. गाडीतली शंभराहून अधिक माणसे गेली. गाव वस्तीला अयोग्य ठरवण्यात आले. कोळी कुटुंबे मात्र परतली, झोपड्या बांधून राहिली.

त्याच वादळाने पांबनचा पूलही मोडला होता. ई. श्रीधरन नावाच्या तरुण अभियंत्याने तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. पुढे कोकण रेल्वे ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली तेच हे श्रीधरन. म्हणून ही हकिकत मराठी वाचकाला परकी वाटू नये. पुलावरून रामेश्वरची गाडी पुन्हा धावू लागली. धनुष्कोडीची धावली नाही. २०१९ मध्ये त्या मार्गाची कोनशिला बसली, रूळ अद्याप आलेले नाहीत.

समुद्र तोच, वादळ तेच. मग हा भेद कशाने? आम्हांला वाटते, रामेश्वराला यात्रेकरू होते, त्यांना थांबवून ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. धनुष्कोडीचे टोक ज्यांच्यासाठी होते ती माणसे तेव्हा दोन्ही देशांना नकोशी झाली होती. वादळाच्या दोनच महिने आधी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. मळ्यांतल्या सव्वापाच लाख माणसांना भारताने घ्यायचे, तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यायचे, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहायचे. ज्यांचे आजोबा धनुष्कोडीहून बोटीत चढले, ते रामेश्वरला उतरू लागले, जन्मात न पाहिलेल्या 'मायदेशी'.

रूळ वाळूने बुजवले हे खरे. ते पुन्हा उकरावेत अशी निकड मात्र कोणाला भासली नाही. मंडपमची छावणी तेवढी रिकामी राहिली नाही. मजूर थांबत त्याच जागी १९८३ नंतर श्रीलंकेतल्या यादवीतून जीव वाचवून आलेले तमिळ निर्वासित उतरले, आणि त्यांतल्या कित्येकांची मुले तिथेच जन्मली, तिथेच मोठी झाली.