कुजक्या ओंडक्याचा पाठ

आषाढ सरत आला की सह्याद्रीच्या सदाहरित रानात मरून पडलेला वृक्ष पुन्हा एकदा बहरतो. मात्र तो बहर त्याचा नसतो. ओंडक्याच्या एका अंगाला कानाच्या पाळीसारखी मऊ, तपकिरी ऑरिक्युलारिया लोंबते. दुसऱ्या अंगाला शायझोफायलमचे करडे, लवदार पंखे दाटीने उगवतात. लोकभाषा या साऱ्यांना अळंबी किंवा भूछत्र म्हणून मोकळी होते. येथे मात्र भूमीही नसते आणि प्रत्येक वेळी छत्रही नसते.

दिसते ते केवळ फळ. खरा जीव कवकजालाच्या रूपाने लाकडात पसरलेला असतो. काही जाती लाकडातील लिग्निनही पचवतात व ते पांढरट, तंतुमय होते. काही लिग्निन बव्हंशी मागे ठेवतात व लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भंगते. म्हणून जाणता अभ्यासक अळंबीबरोबर ओंडकाही वाचतो. छत्रीखाली पात्या आहेत की छिद्रे, देठ मध्यावर आहे की कडेला, हे पाहून झाल्यावर तो पात्यांची बाजू कागदावर टेकवून रात्रभर थांबतो. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रंगाला वर्गीकरणात मोठे स्थान दिले.

एवढ्यानेही निर्णय होतोच असे नाही. गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव मुळात इंग्लंडमधील अळंबीचे. पुढे आशियातील लाखेसारख्या चकचकीत अळंब्यांनाही ते सर्रास लावले गेले; त्यांतील अनेक जाती वेगळ्या असल्याचे डीएनएच्या अभ्यासातून दिसून आले. उसने नाव सोयीचे असते, पण ते समोरच्या वस्तूला झाकूनही टाकते.

ही सोय कधी प्राणावर बेतते. लाकडावर उगवते ते निर्धोक, असा एक समज आहे. गॅलेरिना मार्जिनाटा ही लहानशी तपकिरी अळंबी कुजक्या लाकडावरच वाढते आणि तिच्यात यकृत निकामी करणारे अमॅटॉक्सिन असते. लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात. तोवर विष आपले काम करू लागलेले असते. तिचा ठसा गंजासारखा तपकिरी उमटतो; परंतु केवळ ठशावरून कोणतीही अळंबी खाण्याजोगी ठरत नाही.

यास्तव गंभीर अभ्यासकाच्या वहीत पुष्कळदा फक्त प्रजातीचे नाव असते आणि त्यापुढील जातीची जागा कोरी असते. ती कोरी जागा अज्ञानाची खूण नव्हे. पाहिले तेवढेच सांगण्याची ती शिस्त होय.