लाकडाचा गुण

श्रावणात बालाघाटाच्या उतारावर हिंडताना मी जुन्या बाभळीच्या बुंध्याशी वाकून पाहतोच. मातीलगत, मरू लागलेल्या मुळावर, लाख चढवल्यासारखं तांबूस, चकचकीत टोपण कधीकधी फुटलेलं असतं. हे गॅनोडर्मा. चीनमध्ये लिंगझी, जपानमध्ये रेशी म्हणून औषधात मान मिळवलेली ही अळंबी आपल्या बांधावरही उगवते, आणि आपण तिला ओलांडून पुढे जातो.

लाकडाला कणखर करणारं लिग्निन फार थोड्या जिवांना फोडता येतं. गॅनोडर्मा ते फोडतं आणि आतल्या सेल्युलोजवर जगतं. पण प्रत्येक लाकूड त्याला सारखं वश होत नाही. ही अळंबी लाकडाच्या भुशावर वाढवताना ते कळतं. आंब्याचा भुसा ओल धरतो, त्यात बुरशीचे पांढरे धागे मोकळेपणी पसरतात. सागाच्या गाभ्यात तेलं, बाभळीच्या गाभ्यात टॅनिन. तिथे धाग्यांची चाल मंदावते. वाळवी आणि बुरशी दूर ठेवायला झाडानं जन्मभर जे साठवलं, ते त्याच्या भुशातही उरतं. झाड पडल्यावरही त्याची राखण चालू असते, हे मला फार मोठं वाटतं. त्याच झाडाचं बाहेरचं, सालीजवळचं कोवळं लाकूड मात्र बुरशीला लवकर आत घेतं.

पण बालाघाटाच्या या बीडमध्ये भुशासाठी जंगल थोडं, कापूस उदंड. वेचणी सरली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्यांवर चूल पेटते, उरलेल्या बांधावर जाळल्या जातात. पण पऱ्हाटीचा दांडा लाकडासारखाच लिग्निननं भरलेला असतो. बारीक कुटून, थोडा गव्हाचा कोंडा मिसळून, मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब यावा इतकी ओल देऊन, वाफेवर निर्जंतुक करून त्यात अळंबीचं बीज मिसळलं, की ती त्यावर वाढते. त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. अळंबी माती-लाकडातले जड धातू शोषून स्वतःत साठवते, आणि कापसाइतकी फवारणी आपण क्वचितच दुसऱ्या पिकावर करतो. ज्या पऱ्हाटीवर औषध पिकवायचं, ती कुठल्या मातीत वाढली, तिच्यावर काय काय मारलं, हे आधी विचारायला हवं. झाडानं साठवलेलं भुशात उतरतं, तसं आपण शेतात ओतलेलंही उतरतं. म्हणून या अळंबीची काळजी कापसाच्या पेरणीपासूनच घ्यायला हवी. पऱ्हाटीलाही पीक मानलं, तरच ते जमेल.