काल डोळा कसा होता?

‘डॉक्टर, लेझरने ऑपरेशन केले तर मग काळजीचे कारण नाही ना?’ मोतीबिंदूचे निदान झालेल्या ज्येष्ठांकडून, त्याहूनही अधिक त्यांच्या मुलांकडून, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपल्याही मनात तो असेल, म्हणून आधी थोडी उकल.

ज्याला आपण सर्रास ‘लेझर’ म्हणतो, ती बहुधा फेको शस्त्रक्रिया असते. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये रूढ केलेल्या या पद्धतीत मोतीबिंदू फोडला जातो तो ध्वनिलहरींनी. खरा लेझर म्हणजे फेम्टोसेकंद लेझर. तो छेद घेतो, भिंगाचे आवरण गोल कापतो आणि मोतीबिंदूचे तुकडे करतो. ते बाहेर काढून कृत्रिम भिंग बसवण्याचे काम शल्यविशारदाच्याच हातात राहते. फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लेझरचा परिणाम फेकोपेक्षा सरस ठरला नाही, खर्च मात्र वाढला. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तेव्हा केवळ लेझर परवडत नाही म्हणून कोणी खंत बाळगू नये.

शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपते. औषधाचे थेंब मात्र साधारण चार ते सहा आठवडे घालावे लागतात. नवी मुंबईतील कित्येक घरांत आता वृद्ध दांपत्य किंवा एकटे आजी-आजोबाच राहतात. मुले परदेशी अथवा परगावी. मग ब्युरोला फोन जातो आणि बारा तासांच्या पाळीवर एक मावशी येते. ही सोय मोलाची आहे. तिच्यातील उणीव एवढीच, की आजची मावशी उद्या दुसऱ्या घरी पाठवली जाऊ शकते.

माझ्या एका रुग्ण, निवृत्त शिक्षिका, यांच्याकडे चार दिवसांत तीन जणी बदलल्या. चौथ्या दिवशी सकाळी डोळा लाल झाला, ठणकू लागला. नव्या मावशीला वाटले, ऑपरेशन झाले म्हणजे डोळा लाल असणारच. तिचे काय चुकले? तिने कालचा डोळा पाहिलाच नव्हता. संध्याकाळी शेजारीण डोकावली आणि म्हणाली, ‘काल तर असा नव्हता!’ तिने मला फोन केला. मी त्यांना तातडीने त्यांच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला होता. आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागले. दृष्टी वाचली, परंतु त्या डोळ्याने आज त्यांना वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात, खालचा मजकूर नाही.

म्हणून माझी विनंती आहे. ब्युरोशी बोलताना किमान पहिला आठवडा एकच व्यक्ती मागा. परिचारिकेचे शुल्क आकारले जात असेल, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा; मावशी आणि प्रशिक्षित परिचारिका यांत फरक आहे. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा आणि प्रत्येक वेळी खूण करायला सांगा. हात साबणाने धुवावेत, बाटलीचे टोक डोळ्याला लागू नये, दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर असावे. मावशी स्वतः समोर करून दाखवेल, तेव्हाच ती शिकली असे समजा. तिचे नाव विचारा, चहा द्या. बारा तास उभ्याने काम करणारी तीही कोणाच्या तरी घरची कर्ती आहे.

दूर असलेल्या मुलांनी रोज एकाच वेळी, एकाच उजेडात व्हिडिओ कॉल करून डोळा पाहावा. मुले नसतील तेथे शेजाऱ्यांनी पाहावे. वेदना वाढणे, लाली वाढणे, दृष्टी अंधुक होणे, चिकट स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. घरगुती उपाय करू नका, माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडेही वेळ दवडू नका. थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला फोन करा. तो क्रमांक डिस्चार्ज कार्डावर असतो. आजच तो थेंबांच्या तक्त्याखाली ठळक लिहून ठेवा.