गुरूच्या पुढे, गुरूच्या मागे

मेहकरकरांना लोणार घरचंच. पाहुणा आला की त्याला विवर दाखवायला न्यायचंच. काठावर उभं राहिलं की सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो वाटोळा खड्डा एका नजरेत मावत नाही. सूर्याभोवती फिरणारा एक दगड वाट चुकून इथल्या काळ्या बेसाल्टवर आदळला आणि त्या धगीत स्वतःच जवळजवळ नाहीसा झाला. विवराचं वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षं मानत. पुढे आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात गेलं. काठावर हाताला लागतो तो दख्खनचाच खडक, उलथापालथ झालेला, कुठे कुठे वितळून काच झालेला. आलेला दगड मात्र सापडत नाही.

पडलेल्या दगडाची आपण तीर्थासारखी ओळख ठेवतो. न पडलेल्यांची चौकशी कोण करतो?

ती करायला हवी. गुरूच्या कक्षेत, त्याच्या 60 अंश पुढे आणि 60 अंश मागे, दगडांचे दोन थवे साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास त्याच्याबरोबर सूर्याला फेऱ्या घालत आहेत. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारवरून मेहकरला येते, तेव्हा पुढचे वारकरी पालखीपासून लांब जात नाहीत आणि मागचे तिला गाठत नाहीत. तशी ही चाल. दहा हजारांहून अधिक दगड आजवर नोंदले गेले आहेत. त्यांना ट्रोजन लघुग्रह म्हणतात.

हे शक्य आहे असं गणिताने आधी सांगितलं. 1772 मध्ये लाग्रांजने दाखवलं की सूर्य, गुरू आणि एखादा लहान दगड समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर असले, तर दोघांची ओढ मिळून दगडाला नेमकी गुरूच्याच गतीने फिरवत ठेवते. दगड जरा ढळला तरी पळून जात नाही. त्या बिंदूच्या आसपास घोटाळत राहतो, एका हेलकाव्याला सुमारे दीडशे वर्षं घेत. कागदावरचा हा त्रिकोण आकाशात सापडायला 134 वर्षं लागली. 1906 च्या फेब्रुवारीत हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांच्या छायाचित्राच्या काचेवर पहिला दगड उमटला. त्याचं नाव अकिलीस. पुढे ट्रॉयच्या युद्धातली नावं देण्याची रीतच पडली: पुढचा तळ ग्रीकांचा, मागचा ट्रोजनांचा. पण ही वाटणी ठरण्याआधीच दोन नावं देऊन झाली होती. म्हणून ट्रॉयचा हेक्टर आजही ग्रीकांच्या तळात आहे आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रोजनांच्या.

विलक्षण वाटतं ते गुरूचं वागणं. मंगळापलीकडच्या पट्ट्यातले कितीतरी दगड याच्याच ओढीने वाट सोडतात, त्यांतले काही आपल्याकडेही येतात. आणि या दोन थव्यांना तोच सांभाळून आहे. फरक फक्त जागेचा.

60 अंश म्हणजे दोन राशी. गुरूची फेरी सुमारे 12 वर्षांची; नाशिकचा सिंहस्थ याच हिशोबावर चालतो. सूर्यावरून पाहिलं तर गुरू सिंहेत असताना पुढचा थवा तुळेत असतो आणि मागचा मिथुनेत. पंचांग रोज चाळणाऱ्या घरांतही हे सांगितलं जात नाही, याची हळहळ वाटते. 2027 च्या फेब्रुवारीत गुरू रात्रभर आकाशात असेल. मेहकरच्या कुठल्याही गच्चीवरून मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर दिसेल, पूर्वेला चित्रा, पश्चिमेला रोहिणी. पुढचा थवा चित्रेच्या आसपास, मागचा रोहिणीच्या. नुसत्या डोळ्यांना त्यातलं काही दिसणार नाही, पण शिक्षकांनी मुलांना बोट दाखवून जागा दाखवाव्यात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नाशिकला सिंहस्थ चालू असताना, 2021 मध्ये निघालेलं नासाचं ल्युसी यान पुढच्या थव्यातल्या युरिबेटीसजवळून जाईल. सुमारे 64 किलोमीटरचा तो दगड, आणि त्याच्याभोवती फिरणारा किलोमीटरभराचा केटा. मागच्या थव्यातल्या पॅट्रोक्लसपाशी यान पोहोचेल ते 2033 मध्ये.